चौदा नंबरची ओळ

आमच्या दवाखान्यात माणसं दोन प्रकारची: बिघाड झाल्यावर मला फोन करणारी आणि स्वतः बिघाड करून मग फोन करणारी. हृदयविभागाच्या सिस्टर पहिल्या प्रकारातल्या, म्हणून त्यांच्या शब्दाला मी मान देतो.

त्यांच्याकडे सोळा खाटा. प्रत्येक खाटेच्या मॉनिटरची वायर खाली माझ्या खोलीतल्या स्विचला, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र जोडणाऱ्या डब्याला येते; खाटेचा नंबर तोच त्या डब्यावरच्या खाचेचा, पोर्टचा. कुठला पोर्ट चालू, कुठला बंद, हे एका फाईलीत साठवलेलं असतं. स्विच पुन्हा सुरू झाला की तो त्या फाईलीप्रमाणे वागतो. रोज सकाळी दहाला मी तिची प्रत काढतो आणि कालच्या प्रतीशी ओळीला ओळ लावून पाहतो. मी न लिहिलेली ओळ तिथे असता कामा नये.

मंगळवारी होती. नऊ नंबर: बंद.

पासवर्ड माझ्याशिवाय कुणाकडे नाही. ओळ खोडली, जरा चिडलो, विसरलो. दुपारी दोनला सिस्टरांचा फोन आला: नऊचा पेशंट गेला, खाट रिकामी झाली.

गुरुवारी चार नंबर. तीही दोनला.

शनिवारी चौदा.

चौदावर माझा थोरला भाऊ होता. आठ दिवसांपूर्वी दाखल झालेला.

ओळ खोडली, फाईल साठवली, पुन्हा उघडली. ओळ जागच्या जागी. अकरा वेळा खोडली. मग वर गेलो.

"काय रे तारतोड्या," दादा चष्म्यावरून म्हणाला, "भाऊ बघायला आलास की वायर?"

"तुझ्या मॉनिटरचा पडदा बघायला."

"तोंड काय वाईट आहे माझं?"

सिस्टर हसल्या. "ही खाटच बडबडी हो. मागच्या महिन्यात इथे एक मास्तर होते. मोठ्या डॉक्टरांनासुद्धा म्हणायचे, बाळ, वरचं बटण लाव."

"बरे होऊन गेले?"

सिस्टरांनी दादाची उशी सारखी केली. "गेले."

खाली आलो. साडेबारा वाजले होते.

एखादी ओळ ऐकेना, की आम्ही जुनी चांगली फाईल अख्खीच चढवतो. या महिन्याच्या प्रती उघडल्या. सगळ्यांत चौदाची ती ओळ होती, मी स्वतः तपासून ठेवलेल्यांतसुद्धा. स्वच्छ सापडली ती एकच, मागच्या महिन्याच्या पाच तारखेची. त्या तारखेला दादा धडधाकट, घरी होता. चौदावर तेव्हा कोण होतं, हा विचार मला शिवला नाही. आमच्या फाईलीत नंबर असतात, माणसं नसतात.

एक चाळीसला चढवली. साठवली. उघडून पाहिली.

ओळ गेली होती.

दोन वाजले. फोनवर हात ठेवून बसलो.

दोन पाच.

दोन दहा. फोन वाजला नाही.

जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. पडद्यावर ठोके संथ, एकसारखे. दादा उशीला टेकून ताठ बसला होता.

"छान आहेत," सिस्टर म्हणाल्या. "फक्त चष्मा घेत नाहीत. आपला नाही म्हणतात."

मी खाटेच्या कडेला बसलो, त्याचा हात घट्ट धरला. डोळे भरून आले होते.

त्यानं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. मोकळ्या हातानं माझी कॉलर सारखी केली.

"बाळ," तो म्हणाला, "वरचं बटण लाव. कोणाला भेटायला आलास?"