शेपटीला जागा नव्हती

तो माझ्याकडे पहिल्यांदा आला तो वाट चुकून. त्याची चौकी दरीपलीकडे. पण हा गृहस्थ अलीकडच्याच फाट्याला वळला आणि माझ्या दारात येऊन उभा राहिला – पाठीवर भलंमोठं बिऱ्हाड, गळ्यात कॅमेरा, केसांतून पाणी निथळतंय, आणि चेहऱ्यावर मात्र अगदी बरोबर जागी आल्याचं समाधान.

"ही पश्चिमेची चौकी ना?"

"पूर्वेची. पश्चिम त्या बाजूला असते. सूर्य मावळतो ना, तिकडे."

"आज सूर्य दिसलाच नाही हो," तो म्हणाला. "तुम्ही दिसलात."

बोलला हळूच... पण तेवढ्यानं समोरच्या उतारावरच्या अकरा रानबकऱ्या उधळल्या. मी नोंदवही उघडली आणि लिहिलं – साडेचार, रानबकऱ्या अकरा, पळाल्या, कारण, फोटोग्राफर.

त्यानं माझ्या खांद्यावरून वाचलं. "माझी नोंद झाली म्हणायची."

"बकऱ्यांच्या खाली," मी म्हणाले.

पाऊस ओसरून गवताच्या टोकांवर पिवळं चढू लागलं, की आम्ही डोंगरावर जनावरं मोजायला येतो. दहा आठवडे. एक खोली, एक खाट, तिपाईवर दुर्बीण, एक जुना कॅमेरा आणि नोंदवही. जे दिसलं ते लिहायचं. जे दिसावंसं वाटलं ते लिहायचं नाही. माझं हे सातवं वर्ष, आणि हा नियम मी एकदाही मोडला नव्हता.

खाली तळावर वायरलेस सांभाळायला माझी सख्खी मावशी. रोज संध्याकाळी सहाला दोन्ही चौक्यांनी तिला आपापले आकडे सांगायचे. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, आणि समोरच्यानं 'ओव्हर' म्हटल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही. फोटोग्राफरला ही शिस्त काही केल्या जमेना.

"कोल्हे दोन, गिधाडं सात," तो सांगायचा. "आणि पलीकडच्या चौकीत दिवा लागला. आज जरा उशिरा लागला..."

आणि गप्प. यंत्रात नुसती खरखर. मी थांबायची, मावशी थांबायची. शेवटी मावशीच म्हणायची, "अरे बाबा, दिवा कुठल्या रकान्यात लिहू? ओव्हर."

पश्चिमेची चौकी यंदाच उघडली होती, तीही बिबट्याच्या एका मादीमुळं. माझ्या बाजूची मादी तीन वर्षांच्या ओळखीची. डाव्या खांद्यावर एकच सुटा ठिपका, म्हणून तिचं नाव टिकली. गेल्या साली एका गुराख्यानं दरीपलीकडे एक मादी पाहिली, आणि यंदा फोटोग्राफरनं पहिल्याच आठवड्यात तिचे फोटो काढले. तिच्या उजव्या खांद्यावर पाच ठिपक्यांचं फूल. त्यानं तिला चांदणी म्हटलं. वनखात्याचं ऑफिस खूश. दोन माद्या, दोन चौक्या.

रविवारी आम्ही ओढ्यावरच्या लाकडी पुलावर भेटायचो. तो चौकीतच धुतलेले फोटो द्यायचा, मी ते वहीत चिकटवायची. फोटो सुरेख असायचे. धुक्यातून उतरणारी चांदणी, पिवळ्या गवतात नुसते कान आणि डोळे... पण अख्खी दिसली तरी प्रत्येक फोटोत शेपटी कापलेली.

"शेपटीला जागा नव्हती का?"

"लेन्स लहान पडते."

"मागच्या रविवारी त्याच लेन्समध्ये माझी अख्खी चौकी मावली होती. धुराड्यासकट."

"चौकी हलत नाही." कठड्यावर नखानं रेघ ओढत तो म्हणाला, "आणि चौकीतलं माणूस... तेही सकाळी अर्धा-अर्धा तास कप हातात धरून हलत नाही."

"तुम्ही जनावरं बघायला आलाय."

"जे दिसतं ते बघतो. नियम तुमचाच आहे."

मी वही मिटली. कान तापले होते. उन्हातून उतरून आले होते म्हणून असेल.

दिवसही तसेच होते... सकाळी दरी धुक्यानं काठोकाठ भरायची आणि दोन चौक्या दोन होड्यांसारख्या तरंगत राहायच्या. धुकं विरळ झालं, की पलीकडे काच चमकायची. कधी त्याच्या लेन्सची, कधी माझ्या दुर्बिणीची. दोघांनाही वाटायचं, दुसऱ्याला कळलं नाही.

पाचव्या आठवड्यात मी ऑफिसचा तक्ता भरायला घेतला. तारखा शेजारी-शेजारी मांडल्या आणि पेन थांबलं. टिकली दिसली ते दिवस चौदा. चांदणी दिसली ते अकरा. दोघी दिसल्या असा दिवस एकही नाही. दोघीही दरीच्या मधोमध उठलेल्या बुटक्या धारेनं दक्षिणेला, पाण्याकडे जाताना दिसलेल्या; परतत असणार अंधारात. धारेच्या अलीकडून गेली, की मला डावी कूस दिसणार. पलीकडून गेली, की त्याला उजवी. बिबट्याच्या दोन कुशींवरचे ठिपके कधी सारखे नसतात. आम्ही एकाच मादीच्या दोन बाजूंना दोन नावं देऊन बसलो होतो.

मादी एक, म्हणजे चौकी एक. आणि फोटोग्राफर दुसऱ्या कुठल्यातरी डोंगरावर.

तीन दिवस तक्ता तसाच राहिला. रोज सहाला मी एकूण माद्या दोनच सांगितल्या, घसा खाकरून.

"सर्दी झालीय का गं? ओव्हर."

"नाही, मावशी. ओव्हर."

रविवारी पुलावर मी वही त्याच्यासमोर उघडून धरली. त्यानं तारखांवरून बोट फिरवलं, शेवटच्या ओळीशी थांबला आणि आतल्या खिशातून एक फोटो काढला. चांदणी. पहिल्यांदाच अख्खी, शेपटीसकट. शेपटीचं टोक मोडून वर वळलेलं, दाराच्या आकड्यासारखं. हुबेहूब माझ्या टिकलीचं.

"हा कधीचा?"

"पहिल्या आठवड्यातला. तुम्ही वहीतली टिकली दाखवलीत आणि माझ्या लक्षात आलं..."

"आणि तेव्हापासून शेपट्या कापताय?"

"कात्रीनं," तो म्हणाला. "सरळ रेषेत."

हसू आणि राग एकदमच आला, आणि दोन्ही ठेवायला चेहरा पुरेना. "दोन आहेत, म्हणजे भरपूर आहेत, असं म्हणून ऑफिस पुढच्या वर्षी अर्धी दरी गुरांना मोकळी करेल. मग त्या एकीनं जायचं कुठं?"

"तेच डोक्यात घोळतंय. म्हणून आज आणला." तो पाण्याकडे बघत होता. "लिहून टाका. एक."

"एक लिहिलं तर..."

"तर मी जाईन. तेवढं मोजता मलाही येतं."

नुसत्या शेपटीवर ऑफिसातल्या साहेबांचं समाधान झालं नसतं. दोन्ही कुशी एकाच क्षणी टिपायला हव्या होत्या. धारेच्या टोकाला उघडी खिंड आहे; तिथं ती दोन पावलं दोन्हीकडून दिसते. तोवर आम्ही आपापल्या उतारालाच डोळे लावून बसलेले, खिंडीकडे बघितलंय कुणी. दोन संध्याकाळी कोऱ्या गेल्या. तिसऱ्या दिवशी ऊन मधासारखं उतरत होतं, तेव्हा वायरलेसवर त्याचा श्वास ऐकू आला.

"येतेय..."

गवत हललं. ती खिंडीत आली आणि थांबली.

"आत्ता," तो कुजबुजला.

दरीच्या दोन काठांवरून दोन फोटो निघाले. तिनं मान वळवून आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. झालं का तुमचं, असं काहीसं. आणि शेपटीचा आकडा हवेत ठेवून पलीकडे उतरली.

मी लिहिलं – बिबट्या, मादी, एक. अक्षर चांगलं आलं नाही.

शुक्रवारी सहाला मावशीनं ऑफिसचा हुकूम वाचला. "पश्चिमेची चौकी बंद. फोटोग्राफरनं शनिवारी सामानासकट खाली यावं. ओव्हर."

खरखर.

"समजलं," तो म्हणाला. "कोल्हा एक, गिधाडं चार. पलीकडच्या चौकीत दिवा... अजून लागलेला नाही."

पुढं काहीच नाही. मी बिनदिव्याच्या खोलीत यंत्र मांडीवर घेऊन बसले. समोरच्यानं 'ओव्हर' म्हटल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

"तो म्हणणार नाहीये, पोरी," मावशी म्हणाली. "बोल तूच. माझं दूध उतू चाललंय. ओव्हर."

मी बटण दाबलं. 'वाट चुका' म्हणायचं मनात होतं, रीतसर. तोंडातून गेलं ते असं –

"उद्या परत वाट चुक. ओव्हर."

अहो-जाहो दरीत कुठंतरी पडलं. कुणी उचलायला गेलं नाही. यंत्रात कागदाची सळसळ ऐकू आली.

"हे बघा," मावशी म्हणाली, "इथं नुसतं शनिवार लिहिलंय. कुठला शनिवार, ते काही लिहिलेलं नाही. ओव्हर."

मी उठले आणि दिवा लावला.

"लागला," पलीकडून तो म्हणाला. 'ओव्हर' काही म्हणाला नाही.