नाडी ओळखणारी स्ट्रिप

अण्णा मगदुमांनी स्ट्रिपवर अंगठा दाबला. गोळी बाहेर आली नाही. पुन्हा दाबला, तरी नाही.

"पद्मजा, कात्री आण गं! ही बया आज अडून बसलीय."

अण्णांच्या हृदयाचे ठोके आवरणाऱ्या गोळ्या वर्षभरापासून 'सजग वेष्टना'त येत होत्या. वरचा चंदेरी पापुद्रा अंगठ्यातून नाडी ओळखायचा. ठोके ठीक असले की मऊ पडून फाटायचा. फारच मंद असले तर टणक व्हायचा, कारण त्यावर आणखी एक गोळी जिवावर बेतली असती. इचलकरंजीतल्या त्या घरात या गोष्टीचं कौतुक करून सगळे ती विसरलेही होते. स्ट्रिप रोज निमूट उघडायची ना!

पद्मजाबाई कात्री घेऊन आल्या. "अहो, पण ती उघडत नाही म्हणजे..."

"म्हणजे बिघडलीय! माझं औषध मलाच देत नाही म्हणजे काय?"

स्ट्रिप घेताना त्यांची बोटं अण्णांच्या बोटांना लागली. अण्णांची बोटं गार पडली होती. कात्री बाजूला टाकून त्यांनी मनगट धरलं. एक ठोका लागला. दुसऱ्याची वाट बघता बघता त्यांच्याच छातीत धडधडायला लागलं.

फोनवर डॉक्टर शेडबाळे म्हणाले, "कापू नका. नवीन औषध काही चालू केलंय?"

"नाही हो. हल्ली डोळ्यांत थेंब घालतात तेवढे. काचबिंदूचे."

"लगेच घेऊन या त्यांना."

डोळ्यांत घातलेले थेंब नाकावाटे रक्तातही उतरतात, आणि हे थेंबसुद्धा ठोके मंद करणारेच निघाले. थेंब बंद झाले, दवाखान्यात शिरेतून औषध गेलं. दुपारी पडद्यावरचे ठोके हळूहळू जवळ जवळ यायला लागले.

"उपम्यात मीठ नाही," अण्णा कुरकुरले. ती कुरकुर ऐकून पद्मजाबाईंना हसूही आलं आणि डोळेही भरून आले. कितीतरी वेळानं त्या खुर्चीला टेकून बसल्या.

मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "कधी ही स्ट्रिपच चुकली, गरज असताना उघडली नाही, तर?"

"तेवढ्यासाठीच फोन करायचा. तिनं अडवलं, पण नाडी तुम्ही पाहिलीत."

पद्मजाबाईंनी मान हलवली. त्यांना आठवली पुण्यात एकटी राहणारी नणंद. याच गोळ्या, अशीच स्ट्रिप. तिचं मनगट कोण धरणार?