मोतीबाईच्या नावावरचं ऑपरेशन

"मॅडम, माझ्या आईचं ऑपरेशन झालंच नाय, पन कागदावर झालंय. आता बायकोला रुग्णालयात घेत नायत."

कळंबच्या नीलेशचा फोन आला आणि सरकारी आरोग्य योजनेची तपासणी अधिकारी संजना चहा तसाच टाकून निघाली.

त्याच्या बायकोला, सुरभीला, स्तनाचा कर्करोग होता. याच महिन्यात उपचार सुरू करा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण योजनेत अख्ख्या घराला मिळून असलेली वर्षाची खर्चाची मर्यादा संपलेली. जुलैत म्हणे सासू मोतीबाईची हृदयाची झडप बदलली!

खोटी बिलं करणाऱ्यांची संजनाला भारी चीड. या रुग्णालयाची आता धडगत नाही, असं ठरवूनच तिने फाइल उघडली.

फाइल मात्र चोख निघाली. भरतीच्या वेळचा अंगठा मोतीबाईचा, फोटोही तिचाच. सोबतीला शेजारीण जयवंता. काढलेल्या झडपेचा तपासणी अहवालसुद्धा होता. म्हणजे ऑपरेशन झालं होतं. आणि कळंबला घरी जाऊन नर्सने तपासलं तर मोतीबाईच्या छातीवर साधा ओरखडा नव्हता.

"जुलैत कुठे होतात?" संजनाने विचारलं.

"कुठं जानार? लावनी चालू होती."

इथे बायका पाळीपाळीने एकमेकींच्या शेतात लावणी करतात. यंदा कोण कोण आलं, ते मोतीबाईने भराभर सांगितलं. बुधी, चिमा, इंदूबाई.

"आणि जयवंता?"

"तिची पाळी मीच भरली. कंबर धरली होती तिची."

संजना शेजारी गेली. जयवंता गळ्यापर्यंत पदर ओढून उंबऱ्यावर बसली होती. नवरा गेल्यावर दिराने शिधापत्रिकेतून तिचं नाव कापलं होतं, त्यामुळे योजनेचं कार्डही नव्हतं. एवढं सांगतानाही तिला धाप लागली.

परत येऊन संजनाने घरच्यांना समोर बसवलं.

"रुग्णालयाने खोटं ऑपरेशन दाखवलं नाही. पेशंट आणि सोबतीण यांची अदलाबदल झाली. अंगठा, फोटो देऊन मोतीबाई बाजूला झाल्या आणि खाटेवर जयवंता निजली. छातीला टाके, म्हणून ती लावणीला वाकू शकली नाही. म्हणून तिची पाळी यांनी भरली."

मोतीबाईने नाकारलं नाही. "मरत होती ती. कार्ड माझ्या नावाचं, मला वाटलं त्यात माझाच वाटा असंल. मी धडधाकट, मला काय करायचा? सुरभीचंबी त्यातच हाय, हे कोन सांगनार?"

नीलेशचा तोल गेला. आईला नाही नाही ते बोलला. मग रुग्णालयानेच लबाडी केली असं लिहा, मर्यादा परत मिळेल, म्हणून संजनाच्या हातापाया पडू लागला. क्षणभर तिलाही तसंच लिहावंसं वाटलं, आणि स्वतःची लाज वाटली. तिने खरं तेच लिहिलं.

"नवी मर्यादा कदी मिळंल?" सुरभीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"एप्रिलमध्ये. सात महिन्यांनी."

सुरभी बोटांवर महिने मोजत राहिली. मोतीबाई पदरात तोंड खुपसून रडत होती. तिला गप्प करायला कुणीच उठलं नाही.