नावाची अदलाबदल

भरल्या ताटावरून उठून गेलेला अमोघ गेली तीन वर्षं दादाच्या चेन्नईजवळच्या तांबरमच्या घराची पायरी चढला नव्हता! “आमच्या कारखान्यात नोकरीसाठी सख्ख्या भावाचं नाव सुचवता येत नाही रे,” असं रत्नाकरदादा त्या दिवशी काकुळतीने सांगत होता, आणि अमोघला ती निव्वळ सबब वाटली; कारण त्याच आठवड्यात दादाने वेंकट नावाच्या कुणा परक्याचं नाव दिलं होतं. “तुझ्या ताटातला घासही नको मला,” म्हणून तो तडक निघाला, आणि महिन्याभरात इरुंगाट्टुकोट्टैच्या दुसऱ्या एका कारखान्यात स्वतःच्या हिमतीवर नोकरीला लागला... निदान त्याची तशी समजूत होती.

एके दिवशी मात्र ऑफिसात त्याच्या हाती एक फॉर्म आला. तीन वर्षं झालेल्या माणसाला तिथे एक नाव सुचवता येतं. नमुना म्हणून क्लार्कने अमोघचाच जुना फॉर्म पुढे सरकवला. शिफारस करणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, त्रिपुरसुंदरी, स्टोअर. ही बाई कोण? जिच्याशी आपण कधी चार शब्द बोललो नाही, तिने आपलं नाव का द्यावं? कुतूहल त्याला स्वस्थ बसू देईना.

स्टोअरमधल्या त्रिपुरसुंदरीअक्का चष्मा पुसत, त्याला ‘तंबी’ म्हणजे धाकटा भाऊ म्हणत, तमिळमध्ये म्हणाल्या, “वेंकट माझा भाऊ, तंबी. त्याचं नाव तुझ्या दादाने दिलं, तुझं मी दिलं. कळलं तर तू नोकरीच घेणार नाहीस, म्हणून तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती त्यांनी. आमचा वेंकट मात्र चार महिन्यांत सोडून गेला. सुचवलेला माणूस टिकला नाही की सुचवणाऱ्यावर ठपका येतो... तुझ्या दादाची सुपरवायझरची बढती तेव्हापासून अडकली आहे.”

अमोघला सगळं उमगलं. दादाच्या प्रेमाला आपण सबब समजलो!

पुढच्या रविवारी दुपारी विमलावहिनीने दार उघडलं आणि तिला हुंदका आवरेना. दादा जेवत होता. त्याची लेक ऋचा बाजूला नोकरीच्या अर्जासाठी डिप्लोमाची प्रमाणपत्रं फाईलला लावत बसली होती.

“दादा, आमच्याकडे पुतणीचंही नाव चालत नाही,” अमोघ कसाबसा म्हणाला. “म्हणून शेजारच्या कारखान्यातल्या बालाजीरावांच्या मुलाचं नाव मी दिलं. ते त्यांच्याकडे ऋचाचं देताहेत.”

“आणि तो मुलगा टिकला नाही तर?”

“तर माझी बढती अडकेल.”

दादाचे डोळे भरून आले. ताटातली भाकरी मोडून त्याने अर्धी धाकट्या भावापुढे धरली.