उपग्रहांवर झाकलेली परात

"अहो बाई, आभाळ अडवू नका!"

कुरडयांची परात घेऊन गच्चीत आलेली मयूरी जागीच थबकली. तिच्याच घराच्या गच्चीवर एक परका, चष्मेवाला तरुण तिला बाजूला सरकायला सांगत होता!

"आभाळ काय तुम्ही भाड्यानं घेतलंय?"

"आभाळ नाही... गच्ची. तुमच्या बाबांकडून, महिन्याभरासाठी."

हा सौमित्र, पुण्याचा. सत्त्याण्णवचा उन्हाळा होता. कराडच्या धावपट्टीवर उपग्रहांच्या भरवशावर विमान उतरवून बघायचं होतं, आणि त्या वेळी पुरेसे उपग्रह असतील की नाही, हे आधी सांगायचं काम त्याचं. त्यासाठी पलूसच्या या गच्चीवर त्यानं बशीएवढा पांढरा अँटेना बसवला होता.

"चार उपग्रह दिसले की विमानाला आपली जागा कळते," कुरडया उलटायला मदत करता करता तो सांगायचा. "पण त्यातला एखादा खोटं बोलला, तर ओळखायला पाचवा लागतो."

"आमच्या गल्लीत ती पंचाईतच न्हाई. शेजारपाजारचे डोळे लय!"

तो हसायचा... आणि मयूरी उगाचच वाळलेली कुरडई पुन्हा उलटायची.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्याचा चेहरा पडला होता. "माझं गणित म्हणतं, दुपारी सात उपग्रह. यंत्र म्हणतं, एकही नाही. आठवडाभर हेच चाललंय. गणित चुकलं म्हणून कळवतो, चाचणी पुढं ढकलू देत. आणखी एक महिना इथंच राहावं लागेल."

आणखी एक महिना! मयूरीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, आणि पाठोपाठ परात आठवली. दुपारी तो जेवायला खाली गेला की अँटेनावर परात पालथी घालणारी तीच होती. गप्प बसलं तर माणूस राहणार होता. पण नाव त्याचं खराब होणार होतं.

"मी झाकत होते," ती म्हणाली. "परातीनं. उन्हानं बिघडलं तर तुमच्या नावानं बोंब होईल, म्हणून..."

"परात? आणि मी इथं डोकं फोडून घेतोय!" सौमित्र पोट धरून हसला, आणि चाचणी उद्याच होऊ दे, असा फोन करायला धावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सातही उपग्रह दिसले. विमान झकास उतरलं. संध्याकाळी तो अँटेना काढायला गच्चीवर आला.

"गप्प बसला असतात, तर महिना मिळाला असता."

"तुमचं गणित बरोबर होतं. ते खोटं ठरलेलं मला बघवलं नसतं. बाकी... तुम्ही जाऊ नये असंच वाटतंय मला."

तो स्क्रू फिरवायचा थांबला. "आईला घेऊन कधी येऊ?"

"रविवारी. बाबा घरी असतात."

आपण हे किती फटकन बोलून गेलो, ते तिला जिना उतरल्यावर कळलं.