तिसरा नायटा

ताईच्या मांजरीच्या कानामागे नायटा उठला, तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. मी जनावरांची डॉक्टर. असे नायटे रोज बघते. पण आठवड्याभरात तसंच वर्तुळ ताईच्या मनगटावर दिसलं, तेव्हा मात्र मी तिला तडक तिच्या डॉक्टरांकडे नेलं. किडनी बदलल्यापासून तिची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली. डॉक्टरांनी बजावलं, मांजर आधी घराबाहेर काढा. ताई ऐकेना. दुखण्यात हिनं मला सोडलं नाही, आता मी हिला कुठे सोडू, म्हणाली. मग मीही ठरवलं, दोघींना बरं करायचं.

नायटा येतो कुठून हे शोधताना मांजरीची टोपली सरकवली, तर मागे भिंतीवर, ओलसर चुन्यात, तिसरं वर्तुळ. कडेला लालसर, मधे पांढुरकं. तिन्ही नमुने मायक्रोस्कोपखाली बघितले. बुरशी एकच. पण ही बुरशी केसांवर, कातडीवर जगते. चुन्यात तिला खायला काय असणार?

भाऊजी म्हणाले, चिकित्सा पुरे, भिंत खरवडूनच टाकू. त्यांनी लोखंडी पट्टी लावली. पहिला पोपडा पडला आणि स्वयंपाकघरात मांजर किंचाळली. दुसरा पडला तेव्हा ताई मनगट धरून दारात आली. बोटांमधून रक्त ठिबकत होतं.

"थांबा," ती हळूच म्हणाली. "लागतंय."

भाऊजींनी पट्टी खाली ठेवली.

मी मलमाची डबी उघडली. "तिघींवर एकदमच उपचार करायचे."

मी 'तिघी' म्हणाले, हे बोलून गेल्यावर लक्षात आलं.

मग दवाखाना बंद केला की मी रोज जायचे. आधी मांजर, मग ताई, मग गुडघ्यांवर बसून भिंत. भाऊजी सुरुवातीला तोंड फिरवायचे; पुढे तेच टॉर्च धरू लागले. एकदा कंटाळून मी भिंत टाळली, तर ताईचा हात रात्रभर ठणकला. त्यानंतर एकही दिवस चुकवला नाही.

ताईचं मनगट स्वच्छ झालं. मांजरीच्या कानामागे करडे केस परत फुटले.

काल शेवटचं मलम लावायला मी टोपली बाजूला केली. वर्तुळ गेलं होतं. त्या जागी बारीक, मऊ लव आली होती.

मी बोट टेकवलं.

भिंत शहारली.