सुशीलाबाईचं मनगट कुणी ओढलं?

स्नेहल आली ती बसलीच नाही. दोन बिलांचे कागद ज्योत्स्नाअक्काच्या टेबलावर टाकले आणि म्हणाली, "अक्का, परवा मला दवाखान्यातून काढायलेत. वर लेखी देणार, पोरीनं घोळ केला म्हून. मग चिटगुप्प्यात मला कोण कामाला ठिवंल?"

राजपालदादा शेंगा सोलायचा थांबला. सव्वीस वर्षं कंडक्टरकी करून रिटायर झालेला हा गडी आता मावसबहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, तपासाच्या धंद्यात शिरला होता. काम दोनच. अक्काला मोटारसायकलवर न्यायचं आणि दर वेळी चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. दुसरं काम तो जास्त मनापासून करायचा.

स्नेहल डॉक्टर बसवप्रभुंच्या हाडांच्या दवाखान्यात विम्याची बिलं भरायची. डॉक्टरनं कागदावर इलाज लिहायचा, हिनं कॉम्प्युटरात त्याचा कोड टाकायचा. मोडलेलं मनगट ऑपरेशनशिवाय बरं करायचं, तर कोड दोन प्रकारचे. हाड जागेवर असलं तर नुसतं प्लास्टर. सरकलेलं असलं तर भुलीची सुई देऊन, ओढून बसवून मग प्लास्टर. दुसऱ्याचं बिल चांगलं तिप्पट.

"हळ्ळीखेडच्या सुशीलाबाईच्या कागदावर 'नुसतं प्लास्टर' हुतं. डॉक्टरचंच अक्षर. मी तेच भरलं. दुसऱ्या दिवशी माझ्याच कॉम्प्युटरवरून 'ओढून बसवलं' म्हून दुसरं बिल गेलं. विमावाले इचारायलेत, येका हाताची दोन बिलं कामून? डॉक्टर म्हंतेत, पयलं ह्या पोरीनं चुकवलं."

"आन तो कागद?" अक्कानं विचारलं.

"फायलीत न्हाई."

दादानं स्नेहलकडे तिरकं पाहिलं. कागद गायब, कॉम्प्युटर हिचा. हीच ती!

दवाखान्यात डॉक्टरांनी अक्का-दादांपुढं दोन एक्सरे दिव्यासमोर लटकवले.

"हा गेल्या आठवड्यातला, बुधवारी संध्याकाळचा. हाड वाकडं. हा गुरुवारी दुपारचा, प्लास्टरनंतरचा. सरळ! मधे कुणी ओढलं, भुतानं? गुरुवारी साडेअकराला सुई दिली आणि मी स्वतः ओढलं."

"बुधवारीच का नाही ओढलं?" अक्कानं विचारलं.

"बाई दोन भजी खाऊन आली होती. भुलीला पोट रिकामं लागतं. उद्या उपाशी ये, म्हणालो. मी धोका पत्करत नसतो."

बाहेर प्लास्टर लावणारा भीमण्णा बादली धूत होता. तो अक्काकडे बघेना.

"साहेब ओढलो म्हंतेत, तर ओढले असतील. मी पट्ट्या भिजवत हुतो."

"बाई कवा आली?"

"धाच्या सुमारास. मन्नाएखेळ्ळीच्या जीपातून उतरली. अकराला व्हरांड्यात भाकरीचं फडकं सोडून खात बसली. मला बी खा म्हणाली. मी कशाला खातो? तिच्या मोडक्या हाताला अंड्याचा वास! आमच्या घरात अंडं येत न्हाई अक्का, मला मळमळायलं."

दादाला भीमण्णाचा संशय आला. वासाचं कारण काढून हा विषय कामून बदलायलाय?

मग हळ्ळीखेड. सुशीलाबाई गळ्यात हात अडकवून ओसरीत बसल्या होत्या.

"माझा हात कुणीबी ओढला न्हाई," त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं. "घरून निघाले, सरळ दवाखान्यात गेले, पलिस्टर लावलं, आले. विम्याचा फारम तर मंजूर हुईल न्हवं?"

निघताना त्यांनी फारमाचं पुन्हा विचारलं.

परतताना दादा गाडीवरून ओरडला, "बाई म्हंती ओढला न्हाई, फोटो म्हंतोय ओढला. बाई खोटी! स्नेहलनं पढवलीय!"

"बाई खोटीच हाय, दादा," मागून अक्का म्हणाली. "पर तुला वाटतंय तशी न्हाई."

शनिवारी सुशीलाबाई तपासणीला आल्या, तेव्हा अक्कानं सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत गोळा केलं. दादाला शेजारी बसवलं. "किती वाजले रे?" म्हणत त्याचा घड्याळाचा हात धरला आणि असा पिळला, की दादाला कंडक्टरकीतली पहिली शिट्टी आठवली.

"आई गं! मेलो!"

"मोडलं वाटतं," अक्का गंभीरपणे म्हणाली.

"एक्सरे काढू," डॉक्टर उठले.

"नगं डॉक्टर. आमच्या दादाला सुईचं लई भ्या. सुई बघितली की घेरी येती."

सुशीलाबाईंना राहवेना. "अगं, मग मन्नाएखेळ्ळीला मल्लम्माकडं न्या की ह्यास्नी! उडदाचं पीठ अंड्यात कालवून लावती, वर कामट्या बांधती. येका झटक्यात हाड जागेवर! कळत सुदिक..."

आणि त्यांनी चांगल्या हातानं तोंड झाकलं.

"तुमचा झटका कवा बसला, मावशी?"

"गुरुवारी सकाळी," सुशीलाबाई पुटपुटल्या. "मलाबी सुईचं भ्या हो. पर विम्याला दवाखान्याचं पलिस्टर लागतंय. म्हून कामट्या सोडल्या, हात धुतला, हितं आले. हाडवैदाकडं गेल्याचं कळलं तर फारम नामंजूर हुईल, म्हून गप बसले."

"दोघंबी खोटं बोलत हुते," अक्का म्हणाली. "मावशी म्हणाल्या कुणी ओढला न्हाई. ओढला, मल्लम्मानं. डॉक्टर म्हणाले मी ओढला. न्हाई ओढला. खरं बोलली ती येकटी स्नेहल. दादा, हळ्ळीखेड कुठं, मन्नाएखेळ्ळी कुठं?"

"चिटगुप्प्याच्या दोन उलट्या दिशांना," दादा मनगट चोळत म्हणाला.

"सव्वीस वर्षं तिकिटं फाडलास. घरून सरळ आलेली बाई मन्नाएखेळ्ळीच्या जीपातून कशी उतरंल? तुला दिसलं न्हाई. आन अंडं खाल्लं तर वास खात्या हाताला यील. मोडक्या हाताला लागलं म्हंजे लेप."

"म्हणून मी ओढलं नाही, हे कसं ठरतं?" डॉक्टरांचा आवाज चढला.

"तुमी चांगले डॉक्टर हाव म्हून. दोन भज्यांसाठी बुधवारी सुई थांबवली. मग गुरुवारी अकराला अख्खी भाकरी खाल्लेल्या बाईला साडेअकराला सुई द्याल? हात धरला, हाड सरळ लागलं, 'नुसतं प्लास्टर' लिवलं. मग दोन फोटो शेजारी लावले, आन तिप्पट बिलाचा पुरावा आयता दिसला. स्नेहलच्या कॉम्प्युटरवरून दुसरं बिल धाडलं, कागद फायलीतून काढला. भुलीच्या सुईच्या बाटल्या मोजायच्या का?"

भीमण्णानं ओला हात चड्डीला पुसला.

"मोजू की. गुरुवारी येकबी फुटली न्हाई."

डॉक्टरांनी दोन्ही फोटो दिव्यावरून उतरवले. मग लेटरहेड ओढलं आणि लिहिलं. दुसरं बिल मागं घेतो, पहिलं बरोबर आहे, स्नेहलची चूक नाही. सही केली.

"आन माझा फारम?" सुशीलाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"पलिस्टर तर हितलंच हाय न्हवं, मावशी? फारमात तेवढंच मागितलंय मी. पयल्यापासून." स्नेहलनं पत्र दोनदा वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि दादाच्या सुजलेल्या मनगटाकडे बघितलं. "दादा, तुमचंबी बिल करू? काय केलं म्हून लिवू?"

दादानं अक्कापासून खुर्ची हातभर लांब सरकवली.

"जे झालं तेच लिव, बाई. बसवलं न्हाई, प्लास्टर न्हाई. नुसतंच पिळलं."